अँपवरचं पांघरूण

माझ्या दादाचा गिटारचा अँप म्हणजे एक लहानसं कपाट आहे. पुढे कापड ताणलेला स्पीकर, मागे जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, आणि वर एक हँडल, जे बनवणाऱ्याने गंमत म्हणून बसवलं असावं, कारण एका हाताने हा अँप उचलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. एक बाजू दादा धरतो, दुसरी मी. बटण दाबलं की लगेच वाजेल असंही नाही. अँपसाहेबांचे व्हॉल्व्ह आधी तापावे लागतात, मागून नारंगी उजेड दिसायला लागला की मग गिटार जोडायची. असले अँप आता फारसं कोणी बाळगत नाही. वहिनीने जुन्या चादरीची खोळ त्याला शिवून दिली आहे आणि अजून ती दादाला टोमणा मारते, की पोरं लहान होती तेव्हा त्यांना एवढ्या मायेने कधी झाकलं नाहीत.

गेलं वर्षभर दादाची एकच तक्रार होती. आवाजावर पांघरूण पडलंय.

पांघरूण हा त्याचाच शब्द. नखी तारेला लागते तेव्हाचा जो चटका असतो तो येत नाही, म्हणायचा. स्पीकरवर कोणीतरी जाड पांघरूण टाकावं आणि त्याच्या आतून गिटार वाजावी तसं होतंय. मग त्याने तारा बदलल्या. वायर बदलली. व्हॉल्व्ह बदलले, स्पीकर बदलला, शेवटी भिंतीतलं सॉकेटसुद्धा बदलून झालं. वहिनी म्हणाली, आता या घरात बदलायची राहिलेय ती मीच.

मी त्यांच्या बँडचा आवाज सांभाळते. एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये संध्याकाळी हा बँड वाजतो: कीबोर्डवर मास्तर, ज्यांचा हा बँड आहे, गाणारी, ड्रमवाला, आणि दादा. ड्रमवाल्याची मोठी झांज कित्येक वर्षं दादाच्या उजव्या कानाशी वाजत आली आहे. मी समोर, भिंतीपाशी मिक्सर घेऊन बसते. कोणाचा आवाज किती जावा, कसा जावा, हे माझं काम. लोक जेवत असतात आणि आवाज बिघडेपर्यंत मी तिथे आहे हे कोणाच्या गावीही नसतं. ते ठीकच आहे. माझ्याकडे लोकांनी बघावं असा माझा चेहराही नाही, असं दादा लहानपणापासून सांगत आलाय.

दादाला वरचा, तीक्ष्ण आवाज कमी वाटायचा, म्हणून तो अँपवरचं ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत पिळायचा. आणि आम्हा बाकीच्यांना तोच आवाज कानात सुई घातल्यासारखा लागायचा. गाणारी एकदा चिडून म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मला तिचा असा राग आला की दोन गाणी मी तिचा माइक मुद्दाम जरा बारीक ठेवला. दादाला नाचता येत होतं. तिच्या जन्माआधीपासून येत होतं. त्याची बोटं आजही तारेवर अशी पडतात की ड्रमवाला स्वतःचं वाजवणं सोडून बघत बसतो. अंगणही सरळच होतं. नाचणारा आणि अंगण यांच्या मधलंच काहीतरी गेलं होतं, आणि ते काय ते मला पक्कं माहीत होतं.

पण बोलले नाही. त्याच्या अँपपुढच्या माइकचा वरचा आवाज मी मिक्सरवर कापत राहिले. अँप जरा भिंतीकडे वळवून ठेवला आणि दादाला सांगितलं की वेटरच्या पायात येतो. कोणी तक्रार केली की या हॉलच्या काचांना आणि फरशीला मी शिव्या घालायचे. पांघरूण घालणं म्हणतात ते हेच. वहिनीने बिचारीने सरळ सांगून पाहिलं, एकदा कान तपासून घ्या. दादा म्हणाला, कानांवर माझं पोट आहे, ते बिघडले असते तर सगळ्यात आधी मला कळलं असतं.

मग हॉटेलात नवे मॅनेजर आले. मास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की शनिवारी साहेब स्वतः पुढच्या टेबलावर बसून ऐकणार आहेत, आणि त्यांच्या मते हा बँड तिघांत भागतो. कीबोर्डमध्ये गिटारचा आवाज असतोच. मास्तर वाईट माणूस नाहीत, आपण अजून हो म्हटलेलं नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं. "पण ताई," ते म्हणाले, "शनिवारी त्याचा आवाज पुन्हा असाच बोचला, तर मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

वडिलांनी दादाला एकदा ओळखीच्या दुकानात कामाला लावलं होतं. आठवडाभरात दुकानदारच घरी आला, हात जोडून, की याला घेऊन जा. दादाला दुसरं काहीच येत नाही. चारचौघांत गेला तर हात कुठे ठेवावेत ते त्याला समजत नाही, नुसता उभा राहतो आणि पँटवर बोटांनी सूर धरतो. गिटार काढून घेतली तर त्या माणसाचं काय उरेल?

त्याच आठवड्यात दादाने डबा आणला.

डबा म्हणजे पायाने दाबायची बटणं असलेली एक चपटी पेटी. गिटारची वायर तिच्यात जाते आणि तिच्यातून अँपमध्ये. घुमारा, प्रतिध्वनी, लाटा, काय म्हणाल ते त्या एका पेटीत. दुकानदाराने त्याला सांगितलं की यात शंभर अँप आहेत. एक उचलताना आमच्या कंबरा धरतात, आणि हा माणूस आणखी शंभर घेऊन आला. अँपच्या पुढे हा जोडला की आवाज आरशासारखा स्वच्छ होईल, असंही दुकानदार म्हणाला होता. दुकानदार आणखी काय म्हणणार.

मी संध्याकाळी गेले तेव्हा दादा खाटेच्या कडेला बसून एकेक बटण दाबत होता. पहिलं दाबलं तर कोणी विहिरीत पडून वाजवतोय असं वाटलं. दुसऱ्याने विहीर खोल केली. मग त्याने सगळा घुमारा बंद करून साधा आवाज लावला, आणि मी दारातच थांबले. आवाजावर पांघरूण होतं. जाड, गच्च पांघरूण. नखीचा चटका नाही, तारेची धार नाही. दादा वर्षभर ज्याचं वर्णन करत होता, ते मला पहिल्यांदा ऐकू येत होतं.

"दादा," मी म्हणाले, "पांघरूण आहे रे."

त्याने वाजवायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. वर्षभर मी त्याच्या हो ला हो म्हणत आले होते, आणि ते हो पोकळ असल्याचं त्याला समजत असणार, कारण या वेळचं खरं आहे हे त्याने लगेच ओळखलं. त्याने वहिनीला हाक मारली. तिने ओल्या हातांनी येऊन ऐकलं आणि तीही म्हणाली, हो, दबल्यासारखा येतोय खरा. दादाचा चेहरा असा फुलला की मला भरून आलं. त्या रात्री जेवताना तो एवढं बोलला, एवढ्या नकला केल्या, की वहिनीने मला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, यांना झालंय तरी काय.

हिशेब साधा होता. डबा आजच घरात आला होता, आणि तक्रार वर्षाची होती. वर्षापूर्वीचं पांघरूण आजच्या डब्याने कसं टाकलं असेल? हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. जिवात जीव आला होता, तो मला लगेच घालवायचा नव्हता.

पांघरूण कुठून आलं ते मात्र मी शोधून काढलं. ज्यांच्याकडे अँप नाही, जे हेडफोन लावून वाजवतात, त्यांच्यासाठी हा डबा आतल्या आत अँपचं आणि स्पीकरचं सोंग आणतो. मोठ्या स्पीकरमधून फार तीक्ष्ण आवाज येत नाही, म्हणून हा सोंगाचा स्पीकरही तो कापून टाकतो. आता असा कापलेला आवाज खऱ्या अँपमध्ये घातला, की खरा स्पीकर त्याला पुन्हा कापतो. एकदा शिजलेलं परत शिजवल्यावर जे होईल ते होतं. पुढे काय जोडलंय, हेडफोन की अँप, हे डब्याला सांगावं लागतं. दुकानातून येतो तो हेडफोनवर ठेवलेला, आणि नवा माणूस हमखास इथेच चुकतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हॉलमध्ये अँप लावला. त्या वेळी तिथे कोणी नसतं. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या होत्या आणि एक बाई लांबच्या टोकाला फरशी पुसत होती. व्हॉल्व्ह तापेपर्यंत दादा उगाच पायाने ताल धरत उभा होता. मी डब्यापाशी उकिडवी बसले, त्याचं चाक फिरवलं, आणि त्याच्या छोट्या पडद्यावर अँप हा शब्द आला.

"झालं. वाजव आता," मी म्हणाले आणि मान वर करून त्याच्याकडे बघायला लागले.

आवाज तपासताना तो नेहमी एक संथ तुकडा वाजवतो, तोच त्याने वाजवला. वाजवताना तो माझ्याकडे बघत होता.

"वा. गेलं गं बारके, पांघरूण. बघ, कसं मोकळं मोकळं झालं."

पांघरूण जिथल्या तिथे होतं. मी खाली बघितलं. पडद्यावर तो शब्द नुसता लुकलुकत होता. या डब्याचं चाक फिरवून भागत नाही, फिरवल्यावर ते दाबावं लागतं, नाहीतर आधीचंच चालू राहतं. मी दाबलंच नव्हतं.

मग दाबलं. एकदम सगळा हॉल उघडला. नखीचा चटका आला, तारेवरून बोट सरकल्याची चरचर आली, ट्रेबलचं बटण तर शेवटाला होतंच. लांबच्या त्या बाईने कपडा थांबवून मान वर केली. दादाने केली नाही. तो मघाचाच तुकडा, मघासारखाच, मघाच्याच हसऱ्या तोंडाने वाजवत होता.

माझा चेहरा पडला असणार, कारण त्याने हात थांबवला आणि काय झालं म्हणून विचारलं.

"आत्ता गेलं ते, दादा. मघाशी गेलं नव्हतं."

त्याने गिटारची एक खुंटी उगाच पिळली, परत सैल केली. "तुझं तोंड एवढं उजळलं होतं," तो म्हणाला, "मला वाटलं, गेलंच असणार."

मला रडू आलं. मी त्याला विचारलं, कधीपासून कळतंय तुला. तो म्हणाला, तू अँप भिंतीकडे वळवलास ना, त्याच्याही आधीपासून. मग तारा कशाला बदलल्यास, सॉकेट कशाला बदललंस, मी जवळजवळ भांडलेच त्याच्याशी. त्यावर तो हसला. काहीतरी बदलता येतंय तोवर बरं वाटतं, म्हणाला. मग हसू गेलं.

"आणि तू सांभाळून घेत होतीस. मला वाटायचं, बारकी काही बोलत नाही, म्हणजे अजून चालतंय."

त्याला शनिवारचंही माहीत होतं. मास्तरांना लपवता काय येतं. तेवढा शनिवार निभावून ने, त्याने मला सांगितलं, पुढचं पुढे बघू.

मग आम्ही कामाला लागलो, कारण दुसरं काय करणार. माझ्या कानांनी त्याच्या अँपचं एकेक बटण लावलं. ट्रेबल अर्ध्याच्याही खाली आणलं. बटणांच्या जागा पांढऱ्या चिकटपट्टीने खुणावल्या आणि त्याला बजावलं, हात लावायचा नाही. डब्यातला घुमारा बेताचा ठेवला. आणि एक ठरवलं: तो माझ्या तोंडाकडे बघून वाजवेल. मी हसले तर ठीक. भुवया वर केल्या तर जोर कमी. मान हलवली तर पायाने डबा बंद करून सरळ अँपमध्ये. लहानपणी पत्ते खेळताना आम्ही असंच आईला फसवायचो. ती फसायची नाही, पण आम्हाला तसं वाटू द्यायची.

शनिवारी हॉल भरला होता. मॅनेजर साहेब पुढच्या टेबलावर बायकोबरोबर बसले होते आणि सुरुवातीला त्यांचं लक्ष ताटातच होतं. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. दादा असा वाजवत होता की माझा हात मिक्सरवरच राहिला, काही करायची गरजच पडली नाही. आवाज स्वच्छ, गोल, कुठे बोचत नव्हता. गाणारीने मागे वळून त्याच्याकडे बघितलं, आणि तिला कोणाचं कौतुक करायची सवय नाही. साहेबांनी चमचा खाली ठेवला. मी तोंडभर हसत होते. दादा माझ्याकडे बघून हसत होता. त्या दोन गाण्यांपुरतं मला खरंच वाटलं की असं चालेल, वर्षानुवर्षं चालेल, मी इथे हसत बसेन आणि तो तिथे वाजवेल.

तिसरं गाणं संथ होतं. मध्ये गाणारी थांबते आणि गिटार एकटी वाजते. त्याच्या थोडं आधी तिचा माइक खरखरायला लागला. टेबलाखालची वायर सैल झाली होती, ती बघायला मी खाली वाकले.

किती वेळ लागला असेल, एक ओळ, फार तर दोन. पण त्याने मान वर केली असेल आणि समोर माझं तोंड नव्हतं. मी टेबलाखाली, त्यामुळे पुढचं मी बघितलं नाही. ड्रमवाल्याने नंतर सांगितलं. दादा आधी घुटमळला. मग अँपकडे वळला, ऐकू येतंय का बघायला. आणि वर्षभर हाताला जी सवय लागली होती ती हाताने केली. चिकटपट्टीची खूण ओलांडून ट्रेबल शेवटपर्यंत पिळलं, आणि गिटार घेऊन तो स्पीकरच्या जवळ गेला.

शिट्टी झाली. गिटार स्पीकरच्या फार जवळ नेली की तिचाच आवाज तिच्यात शिरतो आणि वाढत जातो, तशी. बारीक, उंच, दातांत घुसणारी शिट्टी. डब्यातला तो सोंगाचा स्पीकर चालू असता तर ती होणंच शक्य नव्हतं, इतका वरचा आवाज त्याने पुढे जाऊच दिला नसता. पांघरूण होतं तोवर दादा त्याच्याखाली सुखरूप होता. ते मी काढलं होतं.

मी टेबलाच्या कडेला डोकं आपटत वर आले. लोकांनी कानांवर हात घेतले होते. एक लहान मूल रडायला लागलं होतं. वेटर ट्रे मध्येच कुठेतरी टेकवून उभा होता. साहेबांच्या बायकोने डोळे घट्ट मिटले होते. मी मिक्सरवर त्याचा माइक बंद केला, पण शिट्टी स्टेजवरच्या अँपमधूनच येत होती, तिला माझ्या मिक्सरची काय पर्वा. मास्तर ओरडून काहीतरी म्हणत होते. आणि दादा त्या सगळ्याच्या मधोमध, डोळे मिटून, तो संथ तुकडा वाजवत होता. इतका सुंदर वाजवत होता. शिट्टीच्या खालून मला त्याचा एकेक सूर ऐकू येत होता, एकही चुकला नाही.

तुकडा संपला तेव्हा त्याने डोळे उघडले. सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता. त्याला वाटलं, आवडलं. त्याने मान जराशी झुकवली, दाद घेतात तशी.

मग त्याला लोकांचे हात दिसले, आणि त्याने मला शोधलं. मी हसायचा प्रयत्न केला. खरंच केला, पण माझं तोंड माझं ऐकेना. दादाने ते वाचलं आणि गिटारवरचं आवाजाचं बटण शून्यावर आणलं. शिट्टी थांबली. ती थांबल्याचंही त्याला ऐकू आलं नाही. लोकांचे हात कानांवरून खाली आले, त्यावरून त्याला कळलं.

उरलेलं गाणं मास्तरांनी कीबोर्डवर संपवलं, गिटारच्याच आवाजात. बरं वाजलं. शेवटपर्यंत दादा गिटार मांडीवर घेऊन त्याच्या स्टुलावर बसून राहिला, उठून गेला नाही. साहेबांना काही विचारायची गरजच उरली नव्हती. सगळं आवरल्यावर मास्तर दादाच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ बोलत होते. ते बोलताना दादा त्यांच्या ओठांकडे बघत होता. माझ्याशी बोलतानाही तो असाच बघतो, हे मला तेव्हा लक्षात आलं. मी त्या बघण्याला माया समजत आले होते.

अँप घरी आणला. एक बाजू त्याने धरली, एक मी. जिन्यात नेहमी आम्ही भांडतो, कोण उलटं चालणार म्हणून, त्या दिवशी तो आपणहून उलटा चालला. अँप त्याच्या कोपऱ्यात ठेवून दादाने वहिनीची खोळ त्याच्यावर घातली, चारी कोपरे नीट ओढले. काचेचे व्हॉल्व्ह अजून कोमट असणार. डबा त्याने माझ्या हातात दिला, तुला कुठे उपयोग झाला तर बघ म्हणाला.

वहिनी मागून, स्वयंपाकघराच्या दारातून विचारत होती, कसं झालं म्हणून. तिने दोनदा विचारलं. दादा तिच्याकडे वळला नाही. ती काहीतरी विचारतेय, हे त्याला माझ्या तोंडावरूनच कळलं, आणि काय विचारतेय ते बघायला तो माझ्याकडे बघत राहिला. वर्षभर मी त्याला खोटं तोंड दाखवत आले होते. खरं दाखवायचं माझ्याच्याने होईना. मी तोंड फिरवलं.